रूम पार्टनरनं शपथ घातलीय, तरी त्याच्या घरी सांगू का?

सांग भावा. शपथ मोड. तू म्हणतोस पार्टनर महिनाभर केगावला लेक्चरलाच गेला नाही, रात्रभर जागा असतो, परवा म्हणाला "मी नसलो तर घरच्यांचा खर्च तरी वाचेल" आणि वर कुणाला सांगू नको म्हणून शपथ. असली शपथ मी बारा वर्षांपूर्वी पाळलीय म्हणून एवढं लिहितोय.

जुळे सोलापुरात खोली होती आमची, माझी आन माझ्या तेव्हाच्या पार्टनरची. त्याची आई अक्कलकोटहून एस्टीनं कडक भाकरी आन शेंगा चटणी पाठवायची, एरवी दोन दिवसांत फस्त, पण तो डबा आठ दिवस खिडकीत तसाच, शेवटी मीच खाल्ला. मग एक दिवस गडी एकदम शांत, हसायला लागला, मेसची उधारी चुकती केली, कॅल्क्युलेटर मला देऊन टाकला, मला वाटलं आला लाईनीवर. दोन दिवसांनी त्याला घेऊन आम्ही दवाखान्यात पळत होतो. वाचला. त्याची आई मला सारखं एकच विचारत होती, डबा खात होता का रे.

मी तेव्हा नुसतं "काय बे, टेन्शन नको घेऊ" म्हणत राहिलो. तू तसं करू नको, तोंडावर विचार, जीव द्यायचा विचार येतो का. विचारल्यानं डोक्यात नसलेलं शिरतं हा गैरसमज आहे, उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. हो म्हणाला तर काही ठरवलंय का तेही विचार, आणि ठरवलं असेल तर एक मिनिट एकटं सोडायचं नाही, खोलीत जिवाला धोका होईल असं काही असेल तर बाहेर काढ, ११२ ला फोन लाव. एरवी १४४१६, टेली मानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, तू स्वतः लावलास तरी चालतं.

पोलीस केसच्या भीतीनं घरचे लपवतात, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ११५ आहे, प्रयत्न केलेला माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरतात, शिक्षा नाही.

घरी फोन त्याला सांगूनच कर, पाठीमागून नको, शिव्या देईल, दे म्हणावं. वडील तापट असतील तर मामाला, मोठ्या भावाला, जो ऐकून घेईल त्याला. गोळ्या चालू झाल्या तर गुण यायला दोन-चार आठवडे जातात, तोवर फेकून देऊ देऊ नको. आज रात्री कुठं जाऊ नको, उद्या सकाळीच सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीला ने, केसपेपर काढण्यात वेळ जातो, नाष्टा करून जा दोघं.