भराभर बटण दाबण्याआधी

व्हिडिओ गेम खेळताना सेकंदाला १६ वेळा बटण दाबण्यासाठी प्रसिद्ध झालेल्या जपानच्या ताकाहाशी मेइजिन यांची बरोबरी करण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे वेग वाढवण्यासाठी जोर वाढवणे. बटण दाबल्याची नोंद झाली की गेमचे काम भागते. त्यापुढचा सगळा जोर अंगठ्याच्या आणि मनगटाच्या स्नायुरज्जूंवर ताण आणतो. म्हणून पकड सैल आणि मनगट सरळ ठेवा.

खेळण्यापूर्वी सेटिंग्ज पाहा. अनेक गेममध्ये बटण वारंवार दाबण्याऐवजी धरून ठेवण्याचा पर्याय असतो आणि तो वापरणे ही लबाडी नव्हे, कोणी काहीही म्हणो. टर्बो बटण (धरून ठेवले की आपोआप भराभर दाबले जाणारे) असलेला कंट्रोलर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात शोधण्याआधी मात्र, स्पर्धेत उतरायचे असल्यास, तिथले नियम वाचा.

लोकलच्या गर्दीत एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोनवर खेळणे टाळा, कारण फोनचा भार आणि बटणांचा मारा एकाच वाकलेल्या मनगटावर येतो.

अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागल्यास डाव अर्धवट सोडून थांबा. मुंग्या किंवा बधिरपणा टिकून राहिल्यास डॉक्टरांना दाखवा. मनगटपट्टे बांधण्याचे आणि कंट्रोलरची बटणे बदलण्याचे प्रकार सध्या नकोत.