साबुदाणा खाल्ला तरी लगेच भूक का?

प्रश्न: ताई, उपवासाला वाडगाभर खिचडी खाते तरी दोन तासांत पोटात कावळे ओरडतात आणि वजनही वाढतंय, असं का?

उत्तर: अगं, साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, तो भराभर पचतो, रक्तातली साखर झपकन चढते, मग इन्सुलिन येऊन ती उतरवतं आणि बऱ्याच जणांना परत खा-खा सुटते. एखादा पदार्थ रक्तातली साखर किती झपकन चढवतो ते सांगणारा आकडा म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स, तो ग्लुकोजचे १०० धरून मोजतात, ५५ पर्यंत कमी, ७० पासून पुढे जास्त. खिचडी अर्धी वाटीच घे, दाण्याचं कूट हवंच, सोबत घट्ट दही. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नकोस हं, बटाटा वेफर्सचा इंडेक्स उकडलेल्या बटाट्यापेक्षा कमी भरतो कारण तेलामुळे पचन लांबतं, कॅलरी मात्र कितीतरी जास्त!