हजेरी तुझी तूही लिही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर चाकणचं सांगितलंस. फिटरचा आयटीआय, मग अप्रेंटिसशिप, आणि आता ठेकेदारामार्फत कंपनीत. खुशीत होतास, पण फोन ठेवता ठेवता हळूच विचारलंस, "काका, पर्मनंट होईन का?" घाईत काहीतरी सांगून तुझी समजूत काढणं मला बरं वाटलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

ठेकेदाराच्या पटावरून कंपनीच्या पटावर जाणारी मुलं थोडी असतात. सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीत आता कारखान्यातल्या दर दहा कामगारांमागे साधारण चार ठेकेदाराचे दिसतात. मी लागलो तेव्हा असं नव्हतं. त्यामुळे पर्मनंटच्या आशेवर वर्षं घालवू नकोस. पण ठेकेदाराचा माणूस म्हणजे हक्क नसलेला माणूस, असंही कोणाचं ऐकू नकोस.

तुला ठाऊक आहे, मी भोसरीला टाइम ऑफिसमध्ये 25 वर्षं मस्टर, म्हणजे कामगारांचा हजेरीपट, लिहिलं. आपल्या राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यांच्या सेवानियमांत, एक कलम होतं: तात्पुरत्या कामगाराने बारा महिन्यांत 240 दिवस भरले की त्याला कायम करायचं. म्हणून दिवस भरत आले की वरून यादी मागवली जायची. मी नावांपुढे पेन्सिलीने खूण करायचो. त्या नावांना ब्रेक. गेटवर टोकन जमा, पंधरा दिवस घरी, परत आला की नवा अर्ज, नवा टोकन नंबर, दिवस पुन्हा एकपासून. त्या खुणा माझ्या हातच्या आहेत, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यातला एक मुलगा ब्रेक मिळाल्यावर घरी गेला नाही. भिंतीवरची दिनदर्शिका गुंडाळी करून घेऊन आला. रोजच्या चौकोनात शिफ्टचा आकडा, रविवारी कामावर आला असेल तर त्याभोवती लाल गोल. माझ्या मस्टरवर त्याचे 226 दिवस होते, त्याच्या मोजणीत 243. फरक सतरा रविवारांचा. ते रविवार मस्टरवर चढतच नव्हते, ओटीच्या, म्हणजे ओव्हरटाइमच्या, वेगळ्या वहीत जात होते. त्याच्याकडे त्या सतराही दिवसांच्या ओटीच्या चिठ्ठ्या होत्या, सुपरवायझरच्या सहीच्या. युनियनने त्या पुढे ठेवल्या आणि प्रकरण कोर्टात जायच्या आधीच मिटलं. तो कायम झाला.

त्या चिठ्ठ्या नसत्या तर? 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने वन खात्याच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं की 240 दिवस भरल्याचं कामगारानेच सिद्ध करायचं, आणि त्याचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र तेवढ्याला पुरत नाही. पगाराची पावती, नेमणुकीचा कागद, काहीतरी हातात लागतं. कामावरून कमी करताना मिळणारी भरपाईसुद्धा सलग सेवेवरच मोजतात. मस्टर कंपनीच्या कपाटात असतं, म्हणून तुझी हजेरी तूही लिही. शंभर पानी वही घे. तारीख, शिफ्ट, मशीन, सुपरवायझरचं नाव, ओटीचे तास. रोज दोन ओळी. शिफ्टवरून आलास की आधी ते, मग जेवण. ओटी दुप्पट दराने असतो हे लक्षात ठेव आणि महिन्याअखेरीला पगाराच्या स्लिपशी ताडून बघ.

आता पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी. माझ्या स्वतःच्या पहिल्या ठेकेदाराने दोन वर्षं माझ्या पगारातून पीएफ कापला आणि एक रुपया भरला नाही. मला कळलं तेव्हा त्याचं ऑफिससुद्धा उरलं नव्हतं. तेव्हा पासबुक मोबाइलवर दिसत नव्हतं, तुला दिसतं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000 असतील तर दर महिन्याला तीन आकडे दिसले पाहिजेत: तुझे 1,800, मालकाचे 550, आणि पेन्शनमध्ये 1,250. महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत व्हायला हवा. स्लिपवर 1,800 दोनदा कापलेले दिसले तर गप्प बसू नकोस. मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापायला कायद्याने मनाई आहे. आणि ठेकेदाराने पगार किंवा पीएफ बुडवला तर "तुमचं तुम्ही बघा" असं मूळ कंपनीला म्हणता येत नाही. ती जबाबदारी तिच्यावर येते. पण तू त्याच गेटच्या आत काम करत होतास, हे दाखवायला लागतं. गेटपासचा फोटो काढून ठेव.

ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विम्याचा, नंबर मात्र उद्याच माग. तू प्रेस शॉपमध्ये आहेस म्हणालास, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. आमच्याकडे चौथ्या दिवशी एका पोराची दोन बोटं प्रेसखाली गेली आणि त्याचं नाव ईएसआयमध्ये त्या संध्याकाळी घातलं गेलं. कामावरच्या अपघाताचं संरक्षण पहिल्या दिवसापासून असतं, पण नोंदच नसेल तर त्या पोराचा बाप ऑफिसांच्या पायऱ्या चढत राहतो. नंबर हातात येईपर्यंत प्रेसवर उभं राहू नकोस. प्रेसचा सुरक्षेचा सेन्सर बंद करून प्रॉडक्शन काढायला सांगितलं तर नाही म्हण. नोकरी गेली तर माझ्याकडे राहा.

बोनस वर्षात 30 दिवस भरले की लागू होतो, किमान 8.33 टक्के. दिवाळीआधी आठवण कर.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाल्या. त्यात नेमणूकपत्र प्रत्येकाला द्यायचंच आहे. तुला अजून मिळालेलं नाही, म्हणजे ते मागायचंय, सौम्यपणे पण लेखी. आणि पुढे कधी दोन जागा समोर आल्या, एक ठेकेदाराकडे हजार-दीड हजार जास्तीची आणि एक थेट कंपनीची ठरावीक मुदतीची, तर डोळे झाकून दुसरी घे. त्यात पत्र कंपनीचं असतं, आणि नव्या नियमाने वर्ष भरलं की ग्रॅच्युइटीही, म्हणजे नोकरी संपताना मिळणारी रक्कम, लागू होते. एरवी तिला पाच वर्षं लागतात.

आयटीआयचं मूळ प्रमाणपत्र ठेकेदाराने ठेवून घेतलंय, असं तुझी आई म्हणाली. खरं असेल तर ते परत आणायला तुझ्याबरोबर मी येतो. या आठवड्यात तुझी सुट्टी कोणत्या वारी आहे ते कळव. येताना तीन महिन्यांच्या स्लिपा आण, पासबुक माझ्या मोबाइलवर उघडू.

तुझा,
काका