उन्हाळी बाग : वाचकांच्या शंका

मे महिना आला की तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून नेहमीच्या शंकांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : मुलांना घेऊन चार दिवस अलिबागला जायचे आहे. कुंड्यांचे काय करावे?

उत्तर : कुंड्या सावलीत जवळजवळ ठेवाव्यात, निघताना भरपूर पाणी द्यावे आणि किल्ली शेजारी द्यावी. ताटल्यांत पाणी भरून ठेवू नये. त्यात डास होतात.

प्रश्न : अक्सा किनाऱ्यावरून आणलेली वाळू कुंडीत मिसळली तर चालेल का?

उत्तर : नाही. ती खारट असते.

प्रश्न : वर्सोव्याला आमच्या समुद्राकडच्या गॅलरीतील मोगऱ्याच्या आणि जास्वंदीच्या पानांच्या कडा करपत आहेत. रोपवाटिकेतून आणलेले टॉनिक दोनदा दिले, तरी फरक नाही. प्रमाण वाढवावे का?

उत्तर : कृपया एक थेंबही वाढवू नका. कडेकडून आत करपत जाणारे पान आणि कुंडीच्या काठावर नखाने खरवडता येईल अशी पांढरी खपली ही दोन्ही एकत्र दिसली, तर झाड उपाशी नसून क्षारांनी त्रासलेले आहे, असे समजावे. समुद्रावरचा वारा पानांवर मीठ आणून टाकतो. त्यातच पाणीकपातीच्या दिवसांत सोसायटीत बोअरचे मचूळ पाणी येऊ लागले, तर प्रत्येक वेळी पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार मात्र मातीत साठत राहतात आणि माती ओली असूनही मुळांना पाणी शोषता येत नाही. पुष्कळशी टॉनिके म्हणजे पाण्यात विरघळवलेली खते, म्हणजे पुन्हा क्षारच. हे बाटली विकणारा सांगत नाही. सध्या सर्वत्र सुचवले जाणारे एप्सम सॉल्टही क्षारच आहे. महिनाभर खत पूर्ण बंद ठेवावे, कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट गोडे पाणी सावकाश ओतून तळाच्या छिद्रातून वाहू द्यावे (खालच्या मजल्यावर आधी कळवलेले बरे) आणि पाने सकाळी धुवावीत. तरीही नवी पालवी करपलेलीच आली, तर अंदाज बांधत न बसता पाण्याची आणि मातीची विद्युतवाहकता (तिच्यावरून क्षार किती आहेत ते कळते) प्रयोगशाळेत तपासून घ्यावी व तो अहवाल उद्यानतज्ज्ञाला दाखवावा.

प्रश्न : सहलीत मुलांनी बागेतल्या पिवळ्या कण्हेराच्या बिट्ट्या खेळायला गोळा केल्या. बी चुकून पोटात गेल्यास मीठपाणी पाजून उलटी काढावी, असे ऐकले आहे.

उत्तर : ऐकलेले विसरा. या बिया हृदयावर परिणाम करणाऱ्या विषाच्या आहेत. नुसता संशय असला, तरी लक्षणांची वाट न पाहता मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि बिट्टी सोबत न्यावी. घरी उलटी काढू नये.

प्रश्न : आवारातील गुलमोहर कलला आहे. कंत्राटदार म्हणतो, फांद्या छाटायला परवानगी लागत नाही.

उत्तर : लागते. महाराष्ट्रात वृक्षसंरक्षणाचा कायदा 1975 पासून आहे आणि खासगी आवारातील झाडाची छाटणीही महापालिकेच्या उद्यान विभागाच्या परवानगीनेच करायची असते. गुलमोहराची मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ असते. त्यातून बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलेले असेल, तर झाडाचा भरवसा धरू नये. एका बाजूच्या फांद्या छाटून तोल उलट बिघडू शकतो, त्यामुळे कोणती फांदी काढायची हे वृक्षतज्ज्ञाने झाड पाहूनच ठरवावे. पाऊस तोंडावर आल्यावर सगळ्याच सोसायट्यांना जाग येते, तेव्हा विभाग कार्यालयात अर्ज याच आठवड्यात द्यावा आणि तोवर त्या झाडाखाली गाड्या उभ्या करू नयेत.