काच वर जाईना? आधी दाराला कान लावा

मार्च सरत आला की सोलापुरात आमच्याकडे दोन तक्रारी घेऊन गाड्या येतात: एसी आणि पॉवर विंडो. पारा चाळिशी ओलांडतो, उन्हात उभ्या गाडीचं दार आतून तापतं आणि दहा-पंधरा वर्षं जुनं प्लॅस्टिक तडकायला लागतं. या वेळी आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न घेतो.

गाडी २००८ची आहे. बटण दाबलं की दारातून घर्रर्र आवाज येतो, पण खाली गेलेली काच वर येत नाही. मोटर बदला असं सांगितलंय. बदलू का? (जुळे सोलापूर)

थांबा, एवढ्यात पैसे देऊ नका. आवाज येतोय म्हणजे मोटर फिरतेय. मोडलंय ते तिच्या पुढचं. दाराच्या आत मोटर एका छोट्या ड्रमवर बारीक तारेची केबल गुंडाळते आणि सोडते. त्या केबलला प्लॅस्टिकचा एक तुकडा अडकवलेला असतो. तो काचेचं बूड धरून पट्टीवर वर-खाली सरकतो. या सगळ्या सांगाड्याला रेग्युलेटर म्हणतात, गॅरेजात नुसतं ‘मशीन’. बहुतेक झीज या तुकड्याच्या आणि केबलच्याच वाट्याला येते. मागच्याच आठवड्यात असं एक दार उघडलं, तर ड्रमची कड तुटलेली आणि केबलचं टोक जुन्या केरसुणीसारखं पिंजारलेलं. मोटर मात्र ठणठणीत होती.

स्वतः उघडणार असाल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. दाराचं पॅड, म्हणजे आतलं आवरण, काढताना हँडलच्या वाटीत आणि आर्मरेस्टखाली लपलेले स्क्रू शोधा. ते राहिले आणि पॅड ओढलं, तर पॅडच फाटतं. मग खालच्या कडेनं कापड गुंडाळलेली पट्टी घालून एकेक क्लिप सोडवा. आतली काच दोन्ही तळव्यांत धरून वर उचला आणि रुंद चिकटपट्टीनं दाराच्या वरच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी पक्की बांधा. हे केल्याशिवाय मशीनचा एकही बोल्ट सैल करू नका.

मोटर सुटी झाली की तिच्या दोन वायरींना बॅटरीचा १२ व्होल्टचा करंट देऊन बघा, मग वायरी उलट्या लावून बघा. दोन्हीकडे जोरात फिरली तर तिला हात लावायची गरज नाही, फक्त मशीन आणा. जुनं मशीन दुकानात सोबत न्या, डाव्या-उजव्या दाराचं वेगळं असतं. एक धोका आवर्जून सांगतो. काही जुन्या गाड्यांत केबलऐवजी कात्रीसारखे दांडे आणि दातेरी पट्टी असते आणि त्याला जाड स्प्रिंग असते. तसं मशीन असेल तर दांडे पक्के जखडल्याशिवाय मोटर काढू नका. स्प्रिंग सुटली की दांडा बोटावर येतो.

डाव्या पुढच्या दाराची काच दार उघडं असताना चालते, बंद केलं की मुकी. फ्यूज चांगला आहे. (मंगळवेढा)

फ्यूज, मोटर दोन्ही विसरा आणि बिजागरीकडे बघा. बॉडीतून दारात जाणारी वायरिंग तिथे रबराच्या नळीतून जाते. दार उघडता-मिटता तीच जागा हजारो वेळा वाकते. वरचं प्लॅस्टिक शाबूत दिसतं, आतलं तांबं तुटलेलं असतं, म्हणून नुसत्या नजरेला फसायला होतं. कोणाला तरी बटण दाबून धरायला सांगा आणि तुम्ही दार हळूहळू हलवा. एखाद्या कोनात मोटरनं झटका दिला की दुखणं तिथेच आहे. नळी सरकवा आणि एकेक वायर हलकेच ओढा; तुटलेली रबरासारखी ताणली जाते. तेवढ्याच जाडीच्या वायरचा तुकडा घालून जोडांना डाग द्या (सोल्डर करा), वर स्लीव्ह म्हणजे प्लॅस्टिकची बारीक नळी चढवा आणि जोड वाकणाऱ्या जागेच्या बाहेर ठेवा. पीळ देऊन टेप गुंडाळली तर पावसाळ्यात गाडी परत येईल.

काच खाली झटकन जाते, वर जाताना रखडते, कधी मध्येच थांबते. (बार्शी)

आधी इंजिन चालू ठेवून बघा. काच चटकन गेली तर बॅटरी कमजोर असू शकते. फरक नाही पडला तर काच ज्या रबरी खाचेतून सरकते तिथे बहुतेक धूळ बसलीय. आपल्या काळ्या रानातली बारीक माती तिथे पिठासारखी साठते. पातळ पट्टीला ओलं फडकं गुंडाळून खाच पुसा, वाळू द्या, मग सिलिकॉन स्प्रे मारा. इंजिन ऑइल किंवा ग्रीस कधीच नाही. त्यानं रबर फुगतं आणि आणखी धूळ धरतं. मध्येच थांबणं म्हणजे बहुतेक वेळा मोटर तापून स्वतःला बंद करते. पाच-दहा मिनिटं थांबा, बटण पुन्हापुन्हा दाबत राहू नका.

मशीन बदलल्यापासून पावसात पायाखालची मॅटिंग भिजते. (पंढरपूर)

पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो फाडून तसाच सोडलाय. काचेवरून पाणी दारात उतरणारच, ते आत येऊ नये म्हणून तो कागद असतो. नवा जाड कागद कडेनं नीट चिकटवून घ्या आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकं काडीनं मोकळी करा.

गाडीत लहान नातू असतो. जुन्या पॉवर विंडोत काय जपायचं? (अक्कलकोट)

जुन्या गाड्यांत बोट किंवा मान अडकली तरी काच आपोआप मागे फिरत नाही, म्हणून हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ड्रायव्हरच्या दारावरचं विंडो लॉक कायम दाबलेलं ठेवा. दोन मिनिटांसाठी उतरलात तरी चावी काढून न्या. बटण वर उचलून नव्हे, तर दाबून काच वर जाणारं असेल, तर आर्मरेस्टवर मुलाचा नुसता गुडघा टेकला तरी काच वर चढते. नातू खिडकीतून बाहेर बघत असेल, तर काच वर घेण्याआधी मागे वळून बघा.