ताई, जाऊ का?

भाऊ, तुम्ही विचारलंत: धुळ्यात सात वर्षं तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवतोय, आता इंग्लंडला वैद्यकीय समाजशास्त्रात पीएचडी करून तिथेच शिकवायचंय, बायको आणि आठ वर्षांचा मुलगा सोबत नेणार, तर जाऊ का? तीन दिवस उत्तर लिहितेय आणि खोडतेय. व्हिसा, फी, पगार याचं काही सांगत नाही. ते सरकारी संकेतस्थळावर आहे आणि सारखं बदलतं.

कामाचं आधी. आपल्या विषयाला तिथे स्वतःचं घर आहे. 1979 पासून त्याचं वेगळं नियतकालिक निघतं. 1993 मध्ये तिथल्या डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलनं वैद्यकीय शिक्षणात समाजविज्ञान हवंच असं सांगितलं, म्हणून माझ्यासारखीला डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर उभं राहता येतं. आपल्याकडे हेच पीएसएमच्या, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाच्या, पुस्तकातल्या एखाद्या प्रकरणात उरकतं. मी स्वतः निघण्याआधी आठ वर्षं तासिकांवर काढली. एका संस्थेत जागा निघाली तेव्हा मुलाखतीआधी रकमेचा निरोप आला. त्या रात्री मी बाहेरचे अर्ज भरायला बसले. हा राग अजून गेलेला नाही, म्हणून माझा सल्ला त्या हिशोबानेच घ्या. आणि पीएचडीनंतर तिथेही लगेच कायम नोकरी नसते. प्रकल्पाचा पैसा संपला की करार संपतो. मी तीन करार केले, तीन घरं बदलली.

वर्गात मी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पार्सन्सचा 1951 चा विचार शिकवते: आजारी माणसाला समाज कामातून सूट देतो, बदल्यात त्यानं डॉक्टरकडे जायचं आणि बरं व्हायचं. मग मी आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या पोराचं सांगते. सिकलचा, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा, पेशंट, थंडीत हाडांत ठणका उठला की रात्रभर ओरडायचा. घरातले ऊसतोडीला गुजरातेत, मुकादमाची उचल घेतलेली. त्याला सूट कोण देणार? दवाखान्यात त्याला पहिलं वाक्य ऐकू आलं, "नाटक करतो." इंग्लंडात सिकलचे बहुतेक पेशंट आफ्रिकन आणि कॅरिबियन घरांतले. दुखतंय म्हणून औषध मागितलं की नशेसाठी मागतोय असा संशय घेतात, हे 2021 मध्ये तिथल्या खासदारांच्या गटाच्या अहवालातही आलं. हे जोडून सांगते तेव्हा वर्ग गप्प होतो, आणि मला वाटतं, यासाठी आले ते बरं केलं.

पण पुढचं ऐका. त्याच धडगावला परत जाऊन मुलाखती घ्यायच्या ठरवल्या, तर माझ्या विद्यापीठाच्या अर्जात माझा जिल्हा "परदेशातील क्षेत्रकार्य" झाला. धोक्याचा तक्ता भरायचा: रस्ते, साप, स्थानिक संपर्क कोण. भारतातून परदेशी संस्थेचं आरोग्य संशोधन म्हणून दिल्लीची वेगळी मंजुरी. ज्या तोरणमाळच्या घाटातून मी लाल डब्यात उभी राहून गेलेय, तिथे मी पाहुणी. चौदा महिने गेले. तोवर तो पोरगा वारला. मला फोनवर कळलं.

कागदांचं एकच सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. जळगाव विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, शोधनिबंधांवर तिसरंच. प्रत्येक कार्यालयात "या तिघी कोण?" राजपत्रात नाव छापून घ्या, वहिनींचं तर नक्कीच, आणि ते इथूनच करून निघा.

आता मुलाचं. आम्ही जानेवारीत पोचलो. जवळच्या शाळेत जागा नाही, दोन बसच्या अंतरावरची मिळाली. अर्जात घरची भाषा या रकान्यात मी अभिमानानं "मराठी" लिहिलं. त्यावरून माझ्या मुलीला इंग्रजी न येणाऱ्यांच्या गटात बसवलं. धुळ्यात ती इंग्रजी माध्यमात होती, गोष्टीची पुस्तकं वाचायची. मला कळायला चार महिने लागले, कारण ती घरी बोललीच नाही. जूनपासून शाळेच्या फाटकाशी मी मराठीत हाक मारली की ती मान वळवायची नाही. आज ती एकोणीस वर्षांची आहे, बरं चाललंय तिचं. मी मात्र तो रकाना विसरलेले नाही. तुम्ही मराठीच लिहा, पण पहिल्याच आठवड्यात शाळेत जाऊन बसा, शिक्षिकेसमोर पोराला वाचायला लावा. मी "त्यांना कळत असेल" म्हणून गप्प राहिले.

एकटेपणाचं विचारलंत. होतो, मग काम असतं. भरताची वांगी मिळत नाहीत, मिळतात ती भाजली तरी पाणचट. कानबाईला, आपल्या खानदेशातल्या श्रावणातल्या सणाला, तेवढं जड जातं. सासरी अजून यांच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात. त्या गव्हाचा रोट, म्हणजे प्रसाद, घराबाहेर द्यायचा नाही, म्हणून यांच्या वाटचाही दीर आणि पुतणे संपवतात. गेल्या श्रावणात व्हिडिओ कॉलवर सासूबाई मूठ भरताना हे बघत होते. फोन ठेवल्यावर बराच वेळ स्वयंपाकघरात उभे होते.

तुम्ही जावं असं मला वाटतं. पण संशोधनाचा विषय नंदुरबारचा ठेवणार असाल तर निघण्याआधीच्या वर्षात मुलाखती उरकून घ्या, आपल्याच भाषेत, आपल्याच नावावर. आराखडा मराठीत लिहिलात तरी पाठवा. रविवारी वाचते.