मशीन उघडायलाच वेळ नाही, पिशव्या कधी शिवायच्या?

मागच्या अंकात बाजाराच्या कापडी पिशवीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके मेसेज आले की यावेळचा अख्खा कॉलम पिशव्यांनाच देतेय. बहुतेक सगळे इंदूरचे, एक देवासचा. नाव छापू नका असं दोघी-तिघींनी लिहिलंय म्हणून कुणाचंच देत नाही.

प्रश्न: ताई, मी सुदामानगरला राहते, शाळेत शिकवते. घरी सासू-सासरे, दोन मुलं, मोठी पाचवीत आणि धाकटा बालवाडीत. शिवणाची खूप आवड आहे, मशीनपण चांगली आहे, पण डायनिंग टेबलवर मशीन मांडायची म्हणजे आधी टेबल रिकामं करा, कापड काढा, दोरा ओवा, एवढं होईस्तोवर कुणाला तरी भूक लागते नाहीतर बेल वाजते, की परत सगळं उचला. दिवाळीत कापून ठेवलेल्या पिशव्या अजून तशाच पडल्यात. रात्री शिवायला बसावं तर मशीनच्या आवाजाने धाकटा उठतो. बाकीच्या बायका कसं जमवतात?

उत्तर: वेळ कमी आहे हे तर आहेच, पण तुमच्या पत्रातून मला दुसरंच काही दिसतंय. पिशवी शिवणं हे तुम्ही एकच काम धरून चाललाय, म्हणजे दोन तास मोकळे मिळाले की बसू आणि एक पिशवी पूर्ण करून उठू. नोकरी करून एवढं मोठं घर सांभाळणाऱ्या बाईला ते दोन तास मिळत नाहीत, मिळाले तरी त्यात तिला झोप काढावीशी वाटते आणि ते बरोबरच आहे. पिशवीत खरं म्हणजे चार वेगवेगळी कामं असतात आणि त्या प्रत्येकाला घरातली वेगळी वेळ लागते.

कापायला मोठी सपाट जागा लागते आणि लुडबुड चालत नाही, तर ते मुलं शाळेत किंवा बाहेर खेळायला असताना, आणि एकदम पाच-सहा पिशव्यांचं कापून घ्यायचं. इस्त्रीसाठी वेगळी वेळ काढूच नका, युनिफॉर्मची इस्त्री चालू असते तेव्हाच बंदांच्या, म्हणजे पिशवी धरायच्या, पट्ट्या आणि तोंडाकडची दुमड दाबून घ्या, इस्त्री तापलेली असतेच. मशीनचं काम आवाजाचं, म्हणून ते दिवसाच, संध्याकाळी सासूबाईंची सिरीयल चालू असते तेव्हा कुणाला मशीनचा त्रास होत नाही. आणि चौथं म्हणजे मांडीवर घेऊन करायचं काम, टाचण्या लावणं, धावदोरा घालणं, पिशवी उलटवून कोपरे काढणं, लोंबणारे दोरे कापणं. हे रात्री धाकट्याला झोपवता झोपवता होतं, मोठीचा अभ्यास घेता घेता होतं. रात्री मशीनवर बसायचंच नाही हे एकदा ठरवून टाका, निम्मी चिडचिड तिथेच जाते.

मग मशीनवर बसाल तेव्हा फक्त टीप मारायची. सहा पिशव्यांच्या बाजू एकामागून एक, मधे दोरा न तोडता, एक संपली की दोन टाके रिकामे जाऊ द्यायचे आणि दुसरी सरकवायची, शेवटी कात्रीने सगळ्या सुट्या करायच्या. कारखान्यात असंच चालतं. दोरा प्रत्येक कापडाला मॅचिंग शोधत बसू नका, क्रीम नाहीतर खाकी असा एकच रंग ठरवून घ्या आणि बॉबिन तीन-चार आधीच भरून ठेवा, कारण मधेच बॉबिन संपली की माणूस उठतो आणि उठला की किचनमधे जातो.

उठायची वेळ आलीच, ती येणारच, तर पुढची पिशवी सुईखाली घालून फूट, म्हणजे कापड दाबून धरणारी पट्टी, खाली करून ठेवा. परत आल्यावर कुठपर्यंत आलो होतो हे शोधावं लागत नाही, बसलं की सुरू. मशीन मात्र कुठेतरी कायम उघडी राहायला हवी. डायनिंग टेबल ही त्याची जागा नाही, गॅलरीत, बेडरूमच्या कोपऱ्यात, जिन्याखाली, दोन फुटांचं टेबल मावेल अशी जागा काढा. घरच्यांना सरळ सांगा की ही जागा माझी, इथे कुणी काही ठेवायचं नाही. बायका हे सांगायला फार संकोच करतात. घरात टीव्हीला जागा असते, गाडीला जागा असते, मग तुमच्या मशीनलाही हवी. फक्त बालवाडीतलं मूल आहे म्हणून उठताना स्विच बंद करून प्लग काढायचाच, कात्री वरच्या कपाटात, आणि टाचण्या गोळा करायला एक लोहचुंबक जवळ ठेवा, दिवसाच्या शेवटी जमिनीवरून फिरवला की झालं.

दिवाळीतल्या त्या कापलेल्या पिशव्या आज रात्री मांडीवर घ्या आणि नुसत्या टाचण्या लावा. उद्या त्या मशीनजवळ जाऊन पडतील.

प्रश्न: ताई नमस्कार, मी देवासहून. मी शिवलेल्या पिशव्या दिसायला छान होतात पण बटाटे-कांदे भरले की बंद निघून येतो, तोही कापड फाडून. दोरा तर चांगला वापरते. माप पण सांगा ना, कापड नेहमी वाया जातं.

उत्तर: कापड फाडून निघतोय म्हणजे दोष दोऱ्याचा नाही, सगळं वजन एका आडव्या टिपेवर येतंय. बंद नुसता तोंडाच्या कडेला ठेवून एक टीप मारली की पाच किलो बटाट्यांचा भार त्या इंचभर रेषेवर पडतो, आणि सुईच्या भोकांच्या त्याच ओळीवर कापड फाटतं. बंद पिशवीवर निदान सव्वा-दीड इंच खाली उतरला पाहिजे आणि तिथे चौकोनी टीप मारून आत फुलीची टीप, म्हणजे चौकोनाचे चारही कोपरे तिरके जोडायचे. त्याच्या मागे, आतल्या बाजूला, त्याच कापडाचा दोन इंचाचा तुकडा चारी कडा दुमडून लावा. वजन मग त्या अख्ख्या चौकोनावर पसरतं. सुरुवातीला आणि शेवटी उलटी टीप विसरू नका.

आणि बंद कापताना कापडाचा उभा धागा बंदाच्या लांबीत यायला हवा. काठाला समांतर जातो तो उभा. आडवा कापलेला बंद महिन्याभरात ताणला जाऊन लांब होतो. पिशवीसुद्धा उभ्या धाग्यातच कापा, भार उभाच असतो.

आता माप. ४४ इंच पन्ना, म्हणजे रुंदी, असलेलं जाड कॉटन सव्वा मीटर घ्या आणि कापायच्या आधी धुवा, सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा ३ ते ५ इतकं आक्रसतंच. न धुता शिवलं आणि आत अस्तर दुसऱ्या कापडाचं असलं तर एक आक्रसतं, दुसरं नाही, आणि पिशवीला कायमच्या सुरकुत्या पडतात. धुऊन-वाळवून इस्त्री केली की १८ इंच रुंद आणि ३७ इंच लांब असे दोन तुकडे शेजारी-शेजारी काढा. एका तुकड्यातून मधे घडी घालून एक पिशवी, तळाला जोडच नाही. बाजूंना टिपेबाहेर अर्धा-अर्धा इंच माया, तोंडाला दीड-दीड इंच दुमड. मग तळाचे दोन्ही कोपरे त्रिकोणी चिमटून, जिथे त्रिकोणाची रुंदी ४ इंच भरते तिथे आडवी टीप. तयार पिशवी १३ रुंद, १५ उंच आणि तळ ४ इंचाचा, म्हणजे जमिनीवर उभी राहते. कडेला जी सहा-एक इंचाची पट्टी उरते तिच्या लांबीत ३-३ इंचाच्या दोन पट्ट्या करा, प्रत्येक मधोमध तोडा, झाले दोन पिशव्यांचे चार बंद. चौपदरी दुमडून पाऊण इंच रुंद होतात आणि हातात धरायला बरोबर पुरतात. खांद्यावर अडकवायची असेल तर ही लांबी कमी पडेल, मग कॉटनची नवार आणा, तीच जास्त मजबूतपण असते.

प्रश्न: मी जीन्सच्या जुन्या पँटच्या पिशव्या करते. सुया फार तुटतात.

उत्तर: ब्लाउज शिवायच्या ११ किंवा १४ नंबर सुईने जीन्स शिवत असाल तर तुटणारच, १६ लावा, चार पदर एकत्र येतात तिथे १८. टाका थोडा मोठा, तीन मिलिमीटरच्या आसपास. जाड जोड आला की मोटर सोडून हाताने चाक फिरवा, आणि त्याआधी तो जोड हातोडीने हलके ठोकून घ्या. मागून कापड ओढायची सवय असेल तर तीपण सोडा, ओढलं की सुई वाकते आणि प्लेटवर आपटते.

प्रश्न: आईची महेश्वरी साडी आहे, पदराकडे विरलीय, नेसता येत नाही. आई आता नाही. पिशव्या करून बहिणींना एकेक द्यावी असं मनात आहे पण कात्री लावायला हात धजत नाही. काय करू?

उत्तर: हात धजत नसेल तर आज कापू नका, साडी कुठे जात नाही. पण मनात आलंय ते फार चांगलं आहे. कपाटात घडी घालून ठेवलेली रेशमी साडी घडीवरच चिरत जाते, तुम्ही काही केलं नाही तरी. महेश्वरीत बहुतेक रेशमी ताणा आणि सुती बाणा असतो, म्हणजे रेशमाचे धागे उभे, आणि वय झालं की तेच आधी तुटतात. त्यामुळे ही बाजाराची पिशवी नव्हेच. बटवा करा, चष्म्याचं कव्हर करा, लग्नाकार्याला हातात धरता येईल अशी छोटी पिशवी करा.

साडी आधी उजेडासमोर धरा, जिथून उजेड जास्त येतो तिथलं कापड विरलंय, तो भाग बाजूला. उरलेल्याला मागून मांजरपाट, म्हणजे साधं कोरं सुती कापड, लावा, दोन्ही एकत्र करून बोटभर अंतरावर धावदोरा घाला, अगदी आपण गोधडीला घालतो तसा. मग भार मांजरपाटावर येतो आणि साडी नुसती वर राहते. चिकटवायचं फ्यूजिंग मिळतं पण रेशमावर त्याची इस्त्री जपून करावी लागते, मी धावदोराच पसंत करते. काठ मात्र तोडू नका. महेश्वरीच्या काठावर चटाई, वीट, हिरा असे नमुने असतात, आईच्या साडीचा काठ कुठला ते बघा आणि तो पिशवीच्या तोंडाशी येईल असं कापा. प्रत्येक बहिणीच्या वाट्याला काठ आला पाहिजे, त्याप्रमाणे आधी कागदावर मांडणी करा. कापायच्या दिवशी बहिणींना बोलवता आलं तर बोलवा.

प्रश्न: आता दुकानात पॉलिथिनऐवजी पातळ रंगीत कापडी पिशवी देतात. ती चालते ना?

उत्तर: ती कापडाची नाही. नॉन-वोव्हन म्हणतात, पॉलिप्रॉपिलीनची असते, म्हणजे प्लास्टिकच, विणलेलं नसतं, दाबून चिकटवलेलं असतं. केंद्राच्या नियमात प्लास्टिक कॅरीबॅगची जाडी ३१ डिसेंबर २०२२ पासून निदान १२० मायक्रॉन आणि नॉन-वोव्हनचं वजन ३० सप्टेंबर २०२१ पासून निदान ६० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅम, ठरवलंय. खात्री करायची असेल तर एक धागा ओढून बघा, सुती कापडातून धागा सुटून येतो, हिच्यातून नुसते तंतू निघतात. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिल्या नंबरासाठी ओळखलं जातं, तर भाजी घ्यायला जाताना घरची सुती पिशवी घेऊनच निघा.

प्रश्न: संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पन्नास छोट्या पिशव्या करून दे असं सोसायटीतल्या काकू म्हणाल्या. पैशाचं विचारलं तर म्हणे आपल्यातच आहे, कापडाचे घे. मला नाही म्हणता येत नाही. किती सांगू? आणि बाग प्रिंट वापरू का?

उत्तर: कापडाचे घे म्हणजे शिलाई फुकट. पन्नास पिशव्या हा हौसेचा आकडा नाही, ते काम आहे, आणि कामाचे पैसे मागताना आवाज खाली घ्यायची गरज नाही. घरातल्या कुणाला एखादी करून द्यायची तर मीही पैसे घेणार नाही, इथे तसं नाहीये. आधी एक पिशवी शिवून बघा, कापण्यापासून दोरे काढण्यापर्यंत किती वेळ गेला तो लिहा. समजा अर्धा तास गेला आणि तासाचे शंभर रुपये धरले तर पन्नास रुपये शिलाई, वर कापड, दोरा, नाडी, इस्त्रीची वीज. पन्नास एकदम केल्या तर प्रत्येकीला वेळ कमी लागतो, तेवढी सूट तुम्ही आपणहून द्या, पण हिशेब दाखवून द्या. काकूंना असं म्हणा, "काकू, तुमच्यासाठी नक्की करते, पिशवीमागे इतके पडतील, निम्मे आधी द्याल का, म्हणजे कापड आणता येईल." गोड बोलून पण आकडा सांगूनच. त्यांना महाग वाटलं तर आकार लहान करा, अस्तर काढा. तुमची शिलाई कमी करू नका.

बाग प्रिंट सुंदरच दिसेल, आपल्या धार जिल्ह्यातलं काम, लाकडी ठशांचं, तो लाल आणि काळा हळदीकुंकवाला शोभतोच. पण पहिल्या धुण्यात रंग सुटू शकतो, आणि वाणाच्या पिशवीत कुणी तीळगूळ घालेल, कुणी ओली फुलं. म्हणून आधी गार पाण्यात वेगळं धुवा, पाणी नितळ निघेपर्यंत. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, त्यावर विसंबू नका. क्लॉथ मार्केटमधे किंवा सीतलामाता बाजारात थानाचं शेवटचं कापड कधीकधी स्वस्तात मिळतं, डिझाइन वेगवेगळं आलं तरी चालेल, वाण आहे, सगळ्यांना एकसारखंच हवं असं नाही. संक्रांत १४ जानेवारीच्या आसपास आणि हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, तर काकूंचा नेमका दिवस आजच विचारून घ्या, आणि डिसेंबरात कापड धुऊन, कापून ठेवा. थंडीत जाड कापड वाळायला वेळ लागतो.